कच्चा लिंबू कोण?

रविवारी पहाटे साडेपाचला कुणी येऊन 'ऊठ, गोल्फ बघायला जायचंय' म्हणालं तर तुम्ही काय कराल? मीही तेच केलं. उशी डोक्यावर घेतली आणि आतूनच 'दादा, जा ना रे' असं ओरडले.

पण दादा ऐकणाऱ्यातला नाही. हा माझा मामेभाऊ. मूळचा डोंबिवलीचा, वीस वर्षं झाली सॅन डिएगोत. अजूनही घरातून निघतो ते फास्ट लोकल पकडायची असल्यासारखा. २०२५ च्या मे महिन्यात कंपनीने मला सहा आठवड्यांसाठी तिकडच्या क्लायंटकडे धाडलं होतं. सोमवार ते शुक्रवार हॉटेल, वीकेंडला दादा-वहिनीकडे वरणभात. त्या वरणभाताची किंमत म्हणून मी मुकाट्याने गाडीत बसले. पुढे दादा, मागे मी आणि माझी भाची. वय वर्षं सोळा, कानात इअरफोन, चेहऱ्यावर बोर्डाच्या पेपरला निघाल्याचे भाव. वहिनी घरीच राहिली. 'तुम्ही टेन्शन घ्या, मी इडल्या करते,' म्हणाली.

आम्ही चाललो होतो पाऊण तासावरच्या कार्ल्सबॅडला. तिथे ला कोस्टा नावाचं मोठं रिसॉर्ट आहे, आणि त्याच्या गोल्फ कोर्सवर एनसीएएची महिलांची चॅम्पियनशिप चालू होती. म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मुलींची राष्ट्रीय स्पर्धा. आपल्या भाषेत इंटर-युनिव्हर्सिटी. पण 'इंटर-युनिव्हर्सिटी' म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे धुळीचं मैदान आणि केळ्यांची करंडी येते, ती पुसून टाका. मुलांची हीच स्पर्धा टायगर वुड्सने स्टॅनफर्डकडून १९९६ मध्ये जिंकली आणि त्याच वर्षी तो प्रोफेशनल झाला. त्याच्याआधी जॅक निकलस आणि फिल मिकलसनही यातूनच वर आले. मुलींमध्ये रोझ झँगने २०२२ आणि २०२३ असं लागोपाठ दोनदा विजेतेपद घेतलं आणि प्रो झाल्यावर पहिलीच एलपीजीए स्पर्धा खिशात टाकली. थोडक्यात काय, ज्यांना पुढे टीव्हीवर बघायचं त्यांना इथे दहा फुटांवरून बघता येतं.

आता तुम्ही म्हणाल, बाईसाहेब, तुमचा आणि गोल्फचा काय संबंध?

रास्त प्रश्न. मी चेंबूरची. आमच्याकडे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, म्हणजे चेंबूरमध्ये आहे, 'आमच्याकडे' नाही. लहानपणी रिक्षातून जाताना भिंतीपलीकडचं ते हिरवं दिसायचं आणि बाबा म्हणायचे, 'साहेब लोकांचा खेळ.' पुढे नोकरी लागली तेव्हा कळलं की बाबा बरोबर होते. आमच्या ऑफिसात गोल्फ शब्द फक्त व्हीपी लोक उच्चारतात, तोही शुक्रवारी दुपारी.

मग आला ७ ऑगस्ट २०२१. आठवतोय? संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण. पण त्याच दिवशी पहाटे अंथरुणात बसून, हातात फोन धरून, अर्ध्या भारताने आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ पाहिलं होतं. अदिती अशोक, टोकियो ऑलिंपिक. एका फटक्याने पदक हुकलं, चौथी आली. बर्डी म्हणजे काय हे मी आदल्या रात्री गुगल केलं होतं, आणि सकाळी मी चक्क रडत होते. तेव्हापासून मी फॅन. खेळता येत नाही, स्टिक धरता येत नाही (त्याला क्लब म्हणतात, हे भाचीने तीनदा सांगितलंय), पण फॅन.

तर ला कोस्टा. मे महिन्यात तिथे सकाळी समुद्रावरून ढग येतात आणि दुपारपर्यंत ऊन दिसत नाही. लोक त्याला 'मे ग्रे' म्हणतात. मी कॅलिफोर्निया म्हणून गॉगल आणि सनस्क्रीन घेऊन गेलेले, आणि कुडकुडत होते. पण पहिला धक्का थंडीचा नव्हता. टीव्हीवर गोल्फ बघताना दोऱ्या दिसतात ना, त्यांच्यामागे माणसं उभी? इथे दोऱ्याच नाहीत. आम्ही खेळाडूंच्या मागोमाग चालतोय, त्यांच्याच वाटेवरून. कॅडीही नाही. या मुली आपापली बॅग ढकलगाडीवर ठेवून ढकलत नेतात, भाजी आणायला निघाल्यासारख्या. मध्येच कोच येते, एक सँडविच हातात ठेवते, वाऱ्याबद्दल दोन शब्द बोलते आणि पुढच्या मुलीकडे पळते. खेळ चालू असताना सल्ला द्यायची परवानगी कोचना असते. आईबापांना नसते.

आणि आईबापच तर होते सगळीकडे! प्रेक्षकांत निम्मे तेच. ओळखायची खूण सोपी. डोक्यावर कॉलेजची टोपी, हातात दुर्बीण, आणि मुलगी डावीकडून चालली तर हे उजवीकडून. नजरानजर होऊ नये म्हणून. एक आई गाडीची किल्ली बोटांत अशी फिरवत होती की लांबून वाटावं जप चाललाय. आपल्याकडे दहावीच्या सेंटरबाहेर झाडाखाली उभे असतात ना, अगदी तसेच. फक्त इथे पेपर पाच-पाच तासांचा आणि पालक वर्गात.

दादाला स्टॅनफर्डच्या मागे जायचं होतं, कारण मेघा गन्ने. न्यू जर्सीची मुलगी, आईवडील भारतीय. २०२१ च्या यूएस विमेन्स ओपनमध्ये ती सतरा वर्षांची असताना शेवटच्या दिवशी शेवटच्या ग्रुपमधून खेळली होती. (आम्ही तिला पाहिल्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, ती यूएस विमेन्स अॅमॅच्युअर जिंकली. तेव्हा दादाचा मेसेज आला, 'बघ, मी म्हटलं होतं.' त्याने काहीही म्हटलं नव्हतं.) पण भाची म्हणाली, 'बाबा, तू जा. मी आत्याला दुसरं काहीतरी दाखवते.'

आणि तिने मला नेलं एका अशा टीमकडे जिचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. तेही टीमच्या स्टारकडे नाही. पाचव्या नंबरच्या मुलीकडे.

इथे थोडं गणित. कंटाळू नका, याच गणितात सगळी मजा आहे. स्पर्धेला ३० टीम येतात, प्रत्येकीत पाच जणी. रोज पाचही जणी अठरा होल खेळतात, पण टीमच्या खात्यात फक्त चौघींचे स्कोअर धरतात. सगळ्यात वाईट असेल तो सोडून देतात. तीन दिवसांनंतर अर्ध्या टीम घरी आणि १५ पुढे. चौथ्या दिवसानंतर वैयक्तिक विजेती ठरते आणि टीम उरतात आठ.

म्हणजे रोज प्रत्येक टीममधली एक मुलगी पाच तास चालते, डोकं फुटेस्तोवर विचार करते, सत्तर-ऐंशी वेळा चेंडू मारते, आणि संध्याकाळी तिचं काहीही मोजलं जात नाही.

'म्हणजे कच्चा लिंबू!' मी म्हणाले.

भाचीला शब्द माहीत नव्हता. मग तिला सांगितलं की आमच्या बिल्डिंगमध्ये लपाछपी खेळताना कुणाचा तरी धाकटा भाऊ असायचा, त्याला खेळायला घ्यायचं, पळू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य नाही, तो आउट नाही, तो मोजायचाच नाही. ती खूप हसली. आणि मग म्हणाली, 'पण आत्या, इथे कच्चा लिंबू कोण ते आधी माहीत नसतं. संध्याकाळी कळतं.'

आमची ती पाचवी मुलगी. नाव मुद्दाम लिहीत नाही. उंच, सडपातळ, आणि चेंडूशी पुटपुटत बोलायची सवय. आम्ही पोचलो तेव्हा तिचा बोऱ्या वाजायला सुरुवात झाली होती. एका पार चारच्या होलवर तिने सात घेतले. चेंडू आधी झाडीत, मग वाळूत, मग ग्रीनच्या पलीकडे. आसपास बघणारे किती? आम्ही दोघी, आणि बहुधा तिचे वडील, दूर एका झाडाला टेकून फोनमध्ये बघण्याचं नाटक करत. लाइव्ह स्कोअर फोनवर दिसतो ना, त्यामुळे त्यांना कळत होतं की टीम पंधराव्या जागेच्या काठावर लटकतेय. तिलाही कळत असावं. मी असते तर 'माझं कार्ड नाहीतरी जाणारच' म्हणून उरलेले होल उरकले असते. ती नाही उरकत. प्रत्येक पटच्या आधी खाली बसून उतार बघायची, मागून एकदा, समोरून एकदा. ज्या पटचा हिशेबही लागणार नाही असं वाटत होतं, त्याच्यासाठी.

शेवटच्या पाच होलमध्ये तिने एकही चूक केली नाही. टाळ्या? माझ्या, भाचीच्या, आणि झाडामागून एका माणसाच्या.

आणि मग गंमत झाली. त्या टीमची स्टार, जिच्यामागे डझनभर माणसं चालत होती, ती त्या दिवशी हिच्याहूनही जास्त घसरली. कार्ड सोडून दिलं गेलं ते स्टारचं. हिचं धरलं गेलं. टीम तरीही बाहेर गेली, थोडक्यात. पण संध्याकाळी मी त्या दोघींना प्रॅक्टिस ग्रीनच्या कडेला बसलेलं पाहिलं. स्टार गुडघ्यात डोकं घालून, आणि आमची पाचवी तिच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटतेय. चेंडूशी बोलायची तसंच.

परत येताना गाडीत मी गप्प होते. सांगायचं म्हटलं तर त्याचं कारण गोल्फ नव्हतं. मार्चमध्ये आमची अप्रेझल्स झाली. टीममध्ये आम्ही पाच जण, आणि बेल कर्व्ह की काय तो, त्यात एकाला खाली बसवावंच लागतं. यंदा मी बसले. मॅनेजर म्हणाला, 'पर्सनली घेऊ नकोस, कुणालातरी द्यायचंच होतं.' आमच्याकडे पाचवा कोण हे राउंड सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं. मी हे घरी कुणाला सांगितलं नव्हतं. भाचीला सांगितलं, का कोण जाणे. ती म्हणाली, 'आत्या, मी आमच्या शाळेच्या टीममध्ये बहुतेक वेळा तीच असते. बाबाला वाटतं मी स्टार आहे.'

दादा पुढे गाडी चालवत होता. रेडिओ चालू होता. त्याने ऐकलं की नाही, मला अजून माहीत नाही.

मग कळलं की ही परीक्षेला निघाल्यासारखी का दिसत होती. तिची दहावी संपत आली होती. तिथल्या नियमाप्रमाणे दहावी संपल्यावर १५ जूनपासून कॉलेजचे कोच मुलामुलींशी थेट बोलू शकतात. त्याआधी नाही. म्हणजे १४ च्या मध्यरात्रीनंतर ज्यांचं नशीब आहे त्यांचे फोन वाजतात. एका टीमला तेव्हापर्यंत मुलींसाठी जास्तीत जास्त सहा पूर्ण स्कॉलरशिप्स देता यायच्या, मुलांसाठी साडेचार. हो, साडेचार. तुकडे करून वाटतात. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाच्या एका तडजोडीनंतर ही मर्यादा बदलली आणि त्याऐवजी टीममध्ये नऊच खेळाडू अशी अट आली. दादाने त्याची एक्सेल शीट केली होती. डोंबिवलीचा माणूस, करणारच.

बुधवारी फायनल. मी ऑफिसात 'डेंटिस्ट' सांगून हाफ डे टाकला. (हा लेख माझ्या मॅनेजरने वाचला तर दात खरंच दुखत होता.)

आठ टीम उरल्या की खेळाचा नियमच पालटतो. आता एकास एक. पाच जणी विरुद्ध पाच जणी, पाच स्वतंत्र लढती, तीन जिंकेल ती टीम पुढे. कुणाचंही कार्ड सोडायचं नाही. पाचवीचा एक गुण आणि स्टारचाही एकच. मुलांमध्ये हे २००९ पासून आहे, मुलींमध्ये २०१५ पासून. पुष्कळ लोकांना हा प्रकार आवडत नाही. चार दिवस जी टीम सगळ्यात कमी फटक्यांत खेळली तीच विजेती का नाही, असा त्यांचा सवाल. सवाल चोख आहे. कारण चार दिवसांच्या हिशेबात स्टॅनफर्ड पहिली होती, आणि चांगल्या मोठ्या फरकाने. आदल्या वर्षीचे विजेतेही तेच. आणि फायनलमध्ये समोर कोण? नॉर्थवेस्टर्न. शिकागोजवळचं कॉलेज, लेक मिशिगनच्या काठावर, जिथे हिवाळ्यात गोल्फ कोर्स बर्फाखाली असतो. या मुली थंडीचे महिने छपराखाली सराव करतात. २०१७ मध्ये फायनलपर्यंत येऊन हरलेले. विजेतेपद एकही नाही.

काही होल मी आणि दादा मेघा गन्नेच्या मागे गेलो. दादा प्रत्येक फटक्याला 'वा' म्हणायचा, नाट्यसंगीताच्या मैफलीत बसल्यासारखा. तेवढ्यात लाल टोप्या आणि जांभळ्या टोप्या दोन्ही अठराव्या होलकडे धावायला लागल्या. धावायला म्हणजे अक्षरशः. दोन-दोन अशी बरोबरी झाली होती आणि शेवटची लढत शेवटच्या होलवर आली होती.

मी तुम्हाला त्या होलचं रसभरीत वर्णन करणार होते, पण खरं सांगते, मला काहीही दिसलं नाही. माझ्यासमोर सहा फुटी बाप्ये. ग्रीनजवळचं पाणी दिसलं, एका कॅमेऱ्याचं टोक दिसलं, बस्स. शेकडो माणसं आणि एवढी शांतता मी फक्त शिवाजी मंदिरला, तिसऱ्या अंकात अनुभवली आहे. भाची माझ्या खांद्यावर हात देऊन टाचा उंचावून बघत होती. तिची नखं माझ्या खांद्यात रुतत गेली आणि त्यावरून मी समजून घेत होते काय चाललंय ते. मग एक 'ओह' असा आवाज, लाटेसारखा. मग काही नाही. मग आणखी काही नाही. आणि मग डावीकडून जांभळ्या बाजूने जो कल्लोळ उठला!

नॉर्थवेस्टर्न ३, स्टॅनफर्ड २.

गर्दी फुटल्यावर दिसलं. जांभळ्या मुली एकमेकींवर पडल्या होत्या, त्यांचे पालक अखेर उजवी-डावी बाजू सोडून मध्ये घुसले होते. आणि थोड्या अंतरावर लाल शर्टातल्या मुली. कुणी काही बोलत नव्हतं. कुणी कुणाकडे बोट दाखवत नव्हतं. शेवटी हरलेल्या मैत्रिणीभोवती त्या नुसत्या उभ्या होत्या, तिला बाहेरच्यांनी बघू नये अशा. आम्ही पण बघितलं नाही मग. तिघांनी पाठ फिरवली.

'चार दिवस नंबर वन, एका दुपारीत गेलं,' मी म्हणाले. 'हा अन्याय आहे, दादा.'

'आहे,' दादा म्हणाला. 'म्हणून तर डेंटिस्ट सांगून आलीस.'

भाची काहीच बोलली नाही. पार्किंगपर्यंत तिने माझा हात सोडला नाही, सोळा वर्षांच्या मुली असं करत नसतात. गाडीपाशी आल्यावर बापाला म्हणाली, 'बाबा, मी आमच्या टीममध्ये पाचवी असते. तुला माहितेय ना?'

दादाने चावी खिशात शोधली, मग दुसऱ्या खिशात शोधली, चावी हातातच होती. 'माहितेय गं,' म्हणाला. 'मी रोज स्कोअर बघतो.' आणि मग, गाडी सुरू करता करता, 'इडल्या गार झाल्या असतील.'

१५ जूनला मी परत चेंबूरमध्ये होते. तिकडची मध्यरात्र म्हणजे आपली दुपार. जेवण झाल्यावर फोन समोर ठेवून बसले. आई म्हणाली, कुणाची वाट बघतेस? म्हटलं, दहावीचा निकाल आहे. आमच्या वेळी जूनमध्येच तर लागायचा. एक वाजला, दोन वाजले. दादाचा मेसेज नाही. मीही विचारलं नाही. निकालाच्या दिवशी फोन करून विचारणाऱ्या काकू आपण होऊ नये, एवढं मला कळतं. दुसऱ्या दिवशीही नाही.

१७ तारखेला रात्री भाचीचा स्वतःचा फोन आला. कुठल्यातरी उत्तरेकडच्या राज्यातल्या छोट्या कॉलेजच्या कोचची ईमेल आली होती. चार ओळींची. स्कॉलरशिपचा शब्द नाही, 'तुझ्या पुढच्या स्पर्धा कधी आहेत ते कळव' एवढंच. तिने ती मला तीनदा वाचून दाखवली. मागून वहिनीचा आवाज येत होता की तिथे उणे पंधरा असतं, स्वेटर कुठले घालणार.

'आत्या,' ती म्हणाली, 'शिकागोवाल्या पण बर्फातूनच आल्या होत्या ना?'

म्हटलं, हो.

'मग मी बाबाची एक्सेल मागून घेते,' म्हणाली, आणि फोन ठेवला.